अप्पांची हिवाळी वाट

धारूरला बदली होऊन आले तेव्हा मला खोली हवी होती आणि अप्पांना भाडेकरू नको होता. निदान गावातले लोक तसं म्हणत. बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान, दुकानावर दोन हवेशीर खोल्या, आणि त्या खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या. मी विचारायला गेले तर त्यांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, अजून लग्न का केलं नाही तेही विचारलं नाही. बाकी सगळ्या घरमालकांनी हे तिन्ही प्रश्न याच क्रमाने विचारले होते. अप्पा एका पितळी घागरीवर बोटाची पेरं आपटून तिचा आवाज ऐकत बसले होते. तो ऐकून झाल्यावर म्हणाले, "चालता का तुमी?"

"कुठं?"

"कुठं ते इचारलं न्हाई. चालता का?"

मी चौसाळ्याची. आमचं गाव हायवेवरचं. कुठं जायचं म्हटलं की आम्ही रस्त्याच्या कडेला जाऊन हात करतो, चालायचा प्रश्न येत नाही. पण खोलीची निकड होती, म्हणून "चालते की" असं ठोकून दिलं. पुढच्या रविवारी त्यांनी मला किल्ल्याच्या मागच्या अंगाने डोंगरात उतरवलं, दुपार टळेपर्यंत झाडीतून हिंडवलं, आणि पेठेत परत आल्यावर किल्ली माझ्या हातावर ठेवली. माझ्या टाचेला फोड आला होता. मी तो त्यांना दाखवला नाही, म्हणून खोली मिळाली, असं पुढे अक्कांकडून कळलं. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी.

"घरात माणूस लपतो, डोंगरात लपत न्हाई," असं अप्पा म्हणायचे. माझ्याआधी एक बँकवाले साहेब येऊन गेले होते. चढावर ते सारखे "अजून किती?" विचारत राहिले. अप्पांनी त्यांना आदराने चहा पाजला आणि खोली नाकारली. "ज्याला 'अजून किती' पडलंय त्यो भाड्याच्या घरात बी तेच करणार," हे त्यांचं तर्कशास्त्र. त्यात काय तर्क होता ते मला आजही सांगता येणार नाही, पण पुढे ते साहेब ज्या घरात राहिले तिथल्या मालकिणीने डोक्याला हात लावला, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं.

गावात त्यांना सरकलेले म्हणत. मराठवाड्यात मार्गशीर्ष अमावस्येला सगळे शेतात जेवायला जातात, तिला आम्ही येळवस म्हणतो. ती झाली, थंडी चांगली मुरली, की अप्पा दुकान मुलावर सोपवत आणि पाठीवर पिशवी टाकून दोन-तीन दिवस बालाघाटाच्या डोंगरात नाहीसे होत. देवाला नाही, नवस नाही, जडीबुटी आणायला नाही. व्यापारी माणूस, सत्तरी ओलांडलेला, घरात सगळं आलबेल, आणि उगीचच चालतो, हे पेठेला काही केल्या पचत नव्हतं. शेजारचे कापडवाले त्यांना दरवर्षी विचारत, "अप्पा, कावून जाताव?" अप्पा दरवर्षी सांगत, "तुमी कावून जात न्हाई?"

त्यांच्याबरोबर कायम जाणारे एकच, कंडक्टरमामा. उभा जन्म एसटीत गेला, त्यामुळे निवृत्तीनंतर मामांनी गाडीत पाय ठेवायचा नाही असं ठरवलेलं. सज्जन माणूस, पण नियमाचा फार भोक्ता. माझं नाव या दोघांत तिसरं लागलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दुकानात पिशव्या तोलल्या जात. तांब्या-पितळेची भांडी वजनावर विकतात, तोच काटा. माझी सॅक त्यांनी काट्याला अडकवली, काटा बघून तोंड वाकडं केलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ती उपसायला घेतली. दुसरा टॉवेल गेला. क्रीमच्या बाटल्या गेल्या. आरसा निघाला तेव्हा म्हणाले, "डोंगराला तुमचं तोंड बघायचं न्हाई म्याडम, आन् आमाला हाय तसं चालतंय." मी चिडून म्हटलं, "आणि तुमची पिशवी?" त्यांची पिशवी ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेतलेली, ट्रकचा पट्टा खांद्याला लावलेला, आणि तिच्यात लोखंडी तवा, पितळी पातेलं, तांब्याचा तांब्या. ती काट्याला लावली असती तर काटा तुटला असता. मी म्हटलं अल्युमिनियमचं हलकं पातेलं घ्या की. त्यावर दुकानदाराचा धर्म बाटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते भांडं न्हाई. ते भांड्याचा फोटू हाय."

चालताना त्यांचे कायदे असत. सगळ्यात हळू चालणारा पुढे, म्हणजे मी. चढावर बोलायचं नाही, उतारावर वाट्टेल ते बोला. उपाशी कुणी चालायचं नाही. आणि डोंगरात कुणी मालक नाही, कुणी भाडेकरू नाही, कुणी म्याडम नाही. हा शेवटचा कायदा ते स्वतःच मोडत आणि मला जन्मभर म्याडमच म्हणत राहिले.

हिवाळ्यातला बालाघाट ज्यांनी पाहिला नाही त्यांना वाटतं आमच्या बीडमध्ये नुसती कुसळं आणि दगड. कुसळं आहेतच. मोज्यात घुसतात आणि पुढच्या येळवशीपर्यंत निघत नाहीत. पण किल्ल्याच्या पलीकडे उतरलं की सीताफळीची रानंच्या रानं लागतात, पानं पिवळी पडलेली, एखादं चुकार फळ काळं होऊन तसंच लटकलेलं. त्याच्या खाली साग, धावडा, पळस. सकाळी झाडीत इतका गारवा असतो की तोंडातून वाफ निघते आणि उन्हाचा तुकडा दिसला की आपण नकळत तिकडे सरकतो. अप्पा जाता जाता झाडाच्या बुंध्यांवर पेरं वाजवत, दुकानातल्या घागरीवर वाजवत तशीच. "हे भरीव." "हे आतून गेलंय, दोन पावसाळे काढंल." एकदा त्यांनी माझ्या स्टीलच्या नव्या बाटलीवर पेरं वाजवली आणि काही न बोलता पुढे गेले. मी ती बाटली नंतर वापरली नाही.

हसण्यावारी नेता येईल असं सगळं. पण मी त्या माणसावर जीव टाकला, तो या विक्षिप्तपणासाठी नाही. माणसाला जपण्याची त्यांची एक तऱ्हा होती, आणि ती दिसू नये याची ते फार काळजी घेत. मला थंडी वाजते हे मी बोलले नव्हते. देवळात मुक्काम पडला की माझी पथारी भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात आणि ते स्वतः दारात. विचारलं तर म्हणायचे, "आत मला गुदमरतंय." लग्नात शिवलेला जाड कोट ते घालून निघत आणि अर्ध्या वाटेत "लई उकडायलंय" म्हणून माझ्या अंगावर टाकत. डिसेंबरात उकडणारा माणूस मी तेवढाच पाहिला.

आता त्या दिवसाचं सांगते.

अप्पा लिंगायत वाणी. गळ्यात दोरा, दोऱ्याला चांदीची छोटी डबी, डबीत त्यांचं इष्टलिंग. सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, ते लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, आणि मगच पाण्याचा पहिला घोट. यात त्यांनी कधी सूट घेतली नाही. डोंगरात ओढ्याच्या पाण्यात बुडी मारून ते कुडकुडत पूजेला बसत, तेव्हा मी आणि मामा चहाचं पाणी चुलीवर ठेवून गप्प बसत असू.

दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. ओढ्याकाठी महादेवाचं पडकं देऊळ, तिथे मुक्काम झालेला. अप्पा अंघोळीला निघाले, सदऱ्यात हात घातला, आणि तसेच उभे राहिले. मग त्यांनी सदरा काढला. कोट झटकला. पिशवी उलटी केली. तवा दगडावर आपटला तेव्हा मामा धावले.

दोरा तुटला होता. डबी नव्हती.

काल दुपारी डोंगराच्या वरच्या धारेवर बसलो होतो तेव्हा ती गळ्यात होती, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. म्हणजे धारेपासून देवळापर्यंत, त्या झाडीत, कुठेतरी. पिशवीचा तो ट्रकचा पट्टा दोऱ्यावर घासत असणार. मोबाइलला रेंज नव्हती, आणि असती तरी कुणाला काय सांगणार?

मी म्हटलं, "शोधू या. आधी चहा घ्या, अप्पा."

ते म्हणाले, "तुमी घ्या."

मला तेव्हा कळलं की लिंग हातात येईपर्यंत ते पाणीसुद्धा घेणार नाहीत. मामांना हे माहीतच होतं. मी म्हटलं की आता इतकं कडक कुणी पाळत नाही, मठात जाऊन स्वामींच्या हातून दुसरं धारण करता येतं. अप्पा म्हणाले, "येतंय की. पर घरातलं माणूस चुकलं तर आधी हुडकत्यात का दुसरं आणत्यात?"

मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. "उपाशी कुणी चालायचं न्हाई" म्हणत ते चुलीपुढे बसले आणि आम्हा दोघांसाठी पिठलं हाटलं. ओठ कोरडे पडलेले, फोडणीच्या वासाने गळ्याची घाटी वरखाली होत होती, पण पिठल्यात एक गुठळी नाही. घरून आणलेल्या कडक भाकऱ्या मोडून आमच्या पुढ्यात ठेवल्या. मी भाकरी बाजूला सारली. ते रागावले. "माझा देव हारवलाय, तुमचा न्हाई. खा." आम्ही खाल्लं.

निघताना ते म्हणाले, "एक सांगून ठिवतो. मी कुठं पडलो बिडलो तर माझ्या तोंडात कायबी घालायचं न्हाई. शबूद द्या." मामांनी हात जोडून मान हलवली. मी म्हटलं, "मी शब्द देत न्हाई."

"घरमालक सांगतोय, म्याडम."

"डोंगरात कुणी मालक न्हाई. तुमचाच कायदा हाय."

चढाला लागलो होतो, त्यामुळे त्यांचं न बोलणं रागाचं की नियमाचं ते मला कळलं नाही.

सागाच्या रानात हिवाळ्यात काही हरवू नये. जमिनीवर सुपाएवढाली वाळकी पानं, एकावर एक. आम्ही वाकून एकेक पान उचलत, काठीने झुडपं उकलत वर सरकत होतो. मधल्या खिंडीत बोरी आणि काटेरी झुडपं दोन्हीकडून अंगावर येतात. तिथे दोरा अडकला असेल म्हणून आम्ही ती खिंड गुडघ्यांवर बसून तपासली, मग धारेपर्यंत गेलो, मग पुन्हा खिंडीत आलो. ऊन डोक्यावर आलं. अप्पांना साखरेचा त्रास, आदल्या रात्री गोळी घेतलेली, आणि पोटात तेव्हापासून काही नाही. त्यांच्या कपाळावर थंडीतही घाम दिसायला लागला. मी दोनदा नाव घेऊन हाक मारली, त्यांनी ओ दिली ती भलत्याच कुणाला तरी. मग एका धावड्याला टेकून ते खाली बसले, आणि बसलेले कलंडले.

डोळे उघडे होते. बघत होते, पण काय बघत होते देव जाणे.

साखर पार उतरलीय हे ओळखून मी सॅकमधून गूळ काढला, तांब्यातल्या पाण्यात कुस्करला. मामा आडवे आले. "बाई, नका. आमी शबूद दिलाय. पाप लागंल."

"तुम्ही दिलाय. मी न्हाई दिला. लागू द्या पाप."

"त्यांचं आयुष्यभराचं हाय वो ते! एका घोटात घालवताव?"

मामा वाईट माणूस नव्हे. रडत होते. पण माझं डोकं फिरलं होतं. मी त्यांना बाजूला ढकललं, अप्पांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या ओठाला लावला. त्यांनी दात आवळले. मी म्हटलं, "अप्पा, मी पाजणार हाय. काय शिव्या द्यायच्या त्या उद्या द्या." क्षणभर त्यांची नजर माझ्यावर स्थिर झाली. मी थोडं थोडं पाणी आत सोडलं. ते त्यांनी गिळलं. थुंकता आलं असतं. तेवढं भान त्यांना होतं, हे मी शपथेवर सांगते. थुंकले नाहीत.

मला याचा पश्चात्ताप नाही. तेव्हाही नव्हता. भीती मात्र वाटली, कारण त्यांच्या डोळ्यांत जान यायला लागली तशी त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि झाडाकडे तोंड करून बसले.

तेवढ्यात खिंडीतून शेरडांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या. मागे एक बाई, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, हातात आकडी. आमचे चेहरे बघून थांबली. मामांनी तिला विचारलं, काल-आज वाटंला काही सापडलं का, चांदीची डबी, एवढीशी.

बाई म्हणाली, "आन् मंग खाली काय बघायलाव? वर बघा की!"

तिने आकडीने दाखवलं. आम्ही ज्या बोरीखाली दोनदा गुडघ्यांवर रांगलो होतो, तिच्याच उंच फांदीला, तुटक्या दोऱ्याची गाठ मारून, डबी लटकत होती.

"काल सांजच्याला घावली. कुणाच्या तरी देवाची दिसली. खाली ठिवली तर शेरडं चघळत्यात, म्हून आमी घावलेलं समदं झाडालाच लावतो. ज्याचं त्याला दिसतंय." मग आमच्याकडे बघून हसू दाबत म्हणाली, "बाजारातली माणसं दिसताव."

तिचं खरं होतं. पेठेतल्या माणसाला पडलेली वस्तू जमिनीवरच असते. आम्ही तिघांनी अख्खी सकाळ मान वर केली नव्हती.

मामांनी आकडीने फांदी वाकवून डबी सोडवली. ती अप्पांच्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं त्यात सगळं होतं. थोडं थांबली असतीस तर! तेवढंच. तांब्याभर पाण्याची घाई केलीस. आणि मी तरी दुसरं काय मनात म्हणत होते? बाई शेरडं घेऊन येणार हे कुणी मला सांगितलं होतं का?

आम्ही देवळापाशी उतरलो. अप्पा माझा हात धरून उतरले नाहीत, मामांचा धरून उतरले. ओढ्यात अंघोळ केली, पूजेला बसले. मला वाटलं होतं पूजा आज लांबेल, पण रोजच्याइतकीच झाली. मी लांब एका दगडावर बसून सॅक भरत होते. खोली सोडावी लागली तर कुठे जायचं, हाच विचार होता. खोलीचं एवढं नाही, पण हा माणूस सुटला तर?

"म्याडम, हिकडं या."

गेले.

"बसा."

बसले. त्यांच्या पुढ्यात सकाळची भाकरी होती, अजून मोडलेली नव्हती.

"हे आजचं परत झालं, तर काय करताव?"

माझा आवाज आपोआप चढला. "परत पाजीन. तुम्ही खोली खाली करा म्हणालात तरी पाजीन."

मामांनी "शिव शिव" म्हणत तोंड फिरवलं. अप्पा मात्र डबीच्या दोऱ्याला मारलेल्या नव्या गाठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"माझ्या आज्याचं लिंग असंच गेलतं," ते म्हणाले. "नदीतून येताना. घर माणसांनी भरलंतं. जो आला त्यो त्यांच्या पाया पडत हुता. व्हट फुटले हुते त्यांचे, आन् माझ्याकडंच बघायले. मी काय बारका नव्हतो, मिसरूड फुटलंतं मला. पाण्याचा तांब्या हातात हुता. थोरल्यांनी सांगितलं मागं सर, तर सरलो."

ओढ्याचं पाणी दगडांवरून वाजत होतं.

"मग?" मी शेवटी म्हटलं.

"मंग काय," अप्पा म्हणाले. "त्यांच्या मातीला लई मोठी मिरवणूक निघाली."

आणि त्यांनी भाकरी मोडली, अर्धी आधी माझ्या हातावर ठेवली.